अकरा लक्ष्म्या आणि एक अपडेट

ऑफिसातले किस्से कुणी ठरवून जमवत नाही. चहाच्या वेळी एकानं एक सांगितला, दुसऱ्यानं त्यात आपला घातला, असं करत करत ते इतके होतात की नव्या माणसाला आधी काम शिकवावं की किस्से सांगावेत हेच कळत नाही! आमच्याकडचे निम्मे किस्से एकाच अपडेटनंतरच्या दोन-तीन महिन्यांतले आहेत. म्हणून ते एका दमात सांगते.

आधी आम्ही कोण ते सांगायला हवं. आमची छोटी संस्था गावोगावच्या देवणी आणि लाल कंधारी जातीच्या जनावरांची नोंद ठेवते. गाय कुणाकडे आहे, तिची आई कोण, वळू कुणाचा, असं सगळं. मुख्य ऑफिस लातूरला. तिथं बिरादार सर, मूळचे उदगीरकडचे, निवृत्त जनावरांचे डॉक्टर. नांदेडच्या शाखेत मी आणि शेखभाई. शेखभाई नायगाव तालुका बघतात, माधव लोहा बघतो आणि रेणुका शिरूर अनंतपाळ. झालो पाच जण. त्यात मला कॉम्प्युटरमधलं कळतं असा एक समज आहे, त्यामुळे काही बिघडलं की पहिला फोन मला.

पद्धत साधी होती. गावातून फोटो नाहीतर बोलून केलेली नोंद मोबाइलवरून पाठवायची. ती लातूरच्या कॉम्प्युटरवर 'आवक' नावाच्या फोल्डरमध्ये येऊन पडायची. नोट्सचं सॉफ्टवेअर त्या फोल्डरवर लक्ष ठेवून असायचं. फाइल आली की ते स्वतःच उचलायचं आणि तिची नोंद तयार करायचं. कुणाला बोटसुद्धा हलवावं लागत नव्हतं. चार वर्षं असं सुरळीत चाललं.

मग सरांनी अपडेट केलं.

*

सोमवारी सकाळी सरांचा फोन. "वर्षाताई, आवकमध्ये ढिगानं फायली पडल्यात आणि सॉफ्टवेअर एकही उचलत नाही."

"सर, तुम्ही काही बदललं का?"

"छे छे. काही नाही." मग जरा थांबून, "कोपऱ्यात एक लाल टिंब येत होतं. ते तेवढं दाबलं."

"सर, ते अपडेटचं होतं! मी आल्यावर करू म्हटलं होतं ना?"

"अहो, उभा जन्म जनावरांत गेला. कुठं लाल दिसलं की दाबून बघितल्याशिवाय मला राहवतच नाही!"

*

मी लातूरला गेले. सॉफ्टवेअरच्या पुण्याच्या कंपनीला फोन लावला. सपोर्टवाला अगदी नम्र. त्यानं माझ्याकडून दहा बटणं दाबून घेतली आणि म्हणाला, "मॅडम, सगळं ठीक आहे. सॉफ्टवेअर 'आवक' फोल्डरकडेच बघतंय."

तो खरंच बोलत होता. दुपारपर्यंत शोधल्यावर मला कळलं की नव्या व्हर्जननं फोल्डरचं नाव जुनंच ठेवलं होतं, पण जागा बदलली होती. त्यानं आपल्यासाठी दुसरीकडे एक नवं कोरं 'आवक' तयार केलं होतं आणि तिथं डोळे लावून बसलं होतं. फायली येत होत्या जुन्या आवकमध्ये!

रेणुका त्या दिवशी मीटिंगसाठी आली होती. मी तिला सगळं समजावून सांगितलं. तिनं मन लावून ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे ताई, आपण स्टँडवर उभे आणि गाडी बायपासनं गेली!"

त्यानंतर कंपनीच्या त्या माणसाला मी हेच वाक्य सांगितलं. त्यालाही लगेच कळलं.

*

फोल्डर जुळला तरी सॉफ्टवेअर चार-पाच फायली उचलून बंद पडायचं. कंपनी म्हणाली, लॉग पाठवा. लॉग म्हणजे आपण दिवसभर काय काय केलं ते सॉफ्टवेअर स्वतःच लिहून ठेवतं, ती फाइल. मी नांदेडला परत आले होते. कंपनीचा फोन आला तेव्हा मी आत डबा खात होते. शेखभाईंनी उचलला.

मी बाहेर आले तर शेखभाई टोपी घालून, बॅग घेऊन तयार!

"कुठं निघालात?"

"पुण्याला. कंपनीवाला बोला, 'जल्दी लॉग भेजिए.' मी विचारलं, 'कितने लोगाँ होना?' तर बोला, 'पिछले तीन दिन के सब.' मी बोललो, 'साहब, तीन दिन से यहाँ दोच लोगाँ हैं. मॅडम खाना खा रे. मैं अकेला आया तो चलता क्या?'"

"मग तो काय म्हणाला?"

"कुछ नहीं बोला. बहुत देर चुप रहा. मी समझलो, चलता."

*

लॉग गेला, नवी दुरुस्ती आली, फायली भराभर उचलल्या जाऊ लागल्या. आता जरा जास्तच भराभर. शिरूर अनंतपाळच्या पलीकडच्या वाड्यांवर रेंज अशी की फोटो थेंबथेंब येतो. जुनं सॉफ्टवेअर संथ होतं, त्यामुळे तोवर फोटो पूर्ण पोचलेला असायचा. नवं फाइल दिसली रे दिसली की उचलायचं! आलेला तेवढाच फोटो नोंदीत, खालचा भाग नुसता करडा.

सरांचा रेणुकाला फोन. "रेणुका, ही काय नोंद आहे? शिंगं आहेत, तोंड आहे, पाठ आहे. खाली पायही नाहीत, कासही नाही."

"सर, मी गाय पूर्णच पाठवली होती!"

"अगं, दुधाच्या रकान्यात काय लिहू मी?"

मग मी सेटिंगमध्ये जाऊन सॉफ्टवेअरला फाइल दिसल्यावर एक मिनिट थांबायला लावलं. तेव्हापासून गाई पायांसकट येऊ लागल्या.

*

शेखभाईंच्या नायगावच्या नोंदी मात्र येतच नव्हत्या. ते मोबाइलवर फोटो काढत नाहीत. संस्थेचा जुना डिजिटल कॅमेरा आहे, तो त्यांचा जीव की प्राण. फोटो काढायचे, ऑफिसात येऊन फोल्डरमध्ये टाकायचे. टाकलेले दिसत होते. सॉफ्टवेअर त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नव्हतं.

दोन दिवस मी डोकं लावलं. शेवटी एका फोटोची तारीख बघितली. वर्ष कितीतरी मागचं! नवं व्हर्जन अपडेटच्या आधीच्या तारखेची फाइल जुनी समजून सोडून द्यायचं. जुन्या व्हर्जनला तारखेशी काही देणंघेणं नव्हतं, त्यामुळे इतके दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही. कॅमेऱ्याची बॅटरी काढून घातली की तो तारीख विचारतो, आणि शेखभाई ती भरतात.

"शेखभाई, अहो वर्ष चुकीचं आहे!"

त्यांना ते पटलंच नाही. "मॅडम, दर वख्ताला मी दिवस बरोबर टाकतो, महिना बरोबर टाकतो, घड्याळ बघून टाइम टाकतो."

"आणि वर्ष?"

"वर्ष कशाला टाकायचं? कोणतं साल चालू हाय ते तर सगळ्यांनाच मालूम हाय!"

*

मग लक्ष्म्यांचं प्रकरण झालं.

माधव फोटोला गाईचं नाव द्यायचा. पूर्वी एका नावाच्या दोन फायली आल्या तर सॉफ्टवेअर दुसरी वेगळी ठेवायचं. नव्याला वाटायचं ही तीच फाइल पुन्हा आली, आणि ते दुसरी सोडून द्यायचं. आता लोहा तालुक्यात गाईचं नाव काय असणार? माधवनं त्या महिन्यात अकरा लक्ष्म्या पाठवल्या होत्या. सॉफ्टवेअरात एक!

मी त्याला सांगितलं, "नावापुढं आकडा घाल."

माधव कामाला चोख. त्यानं आकडे घातले, छापील नोंदपत्रं काढली आणि वाटायला गेला. एका गावात ज्ञानोबा आणि किसन असे दोघे सख्खे भाऊ. गोठे शेजारी शेजारी, बोलणं बंद. ज्ञानोबांची 'लक्ष्मी-१', किसनरावांची 'लक्ष्मी-२'.

किसनरावांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. आणि थेट मला फोन.

"मॅडम, माझ्या गाईला दोन नंबरची म्हणून राहिले तुम्ही?"

"अहो काका, तो नुसता कॉम्प्युटरसाठी आकडा आहे..."

"कॉम्प्युटरसाठी असंल न्हाईतर कलेक्टरसाठी! तिच्या आईची नोंद हाय तुमच्याकडं, आईच्या आईची नोंद हाय. सात गावांत विचारा. तिच्या घराण्यात कुणी दोन नंबरचं न्हाई!"

मी माफी मागितली. आता नावापुढं मालकाचं नाव असतं. माधव म्हणतो, ज्ञानोबांचाही फोन आला होता. एक नंबर का काढला म्हणून!

*

नव्या व्हर्जनमध्ये एक सोय वाढली होती. बोलून पाठवलेली नोंद ते स्वतः लिहून काढायचं, वर एका ओळीत सारांशही द्यायचं. आम्हाला ही सोय फार आवडली. तीन आठवडे.

रेणुका एका गावात व्यंकटराव म्हणून शेतकरी आहेत त्यांच्याकडे नोंदपत्र द्यायला गेली. व्यंकटरावांचा चष्मा सापडेना. ते म्हणाले, "तूच वाच." ओसरीवर दोन-चार शेजारी, दारात त्यांच्या मालकीणबाई. रेणुका मोठ्यानं वाचायला लागली. गाय देवणी. वय सात वर्षं. दोन वेतं झालेली. तिसऱ्यांदा गाभण. मालकाविषयी... आणि थांबली.

"वाच की. कामून थांबली?"

आता झालं होतं असं. फोटो वापरले तर चालतील का असं रेणुकानं त्यांना विचारलं होतं आणि नोंदीत बोलली होती, "मालक हाव म्हणले." आपल्याकडं हाव म्हणजे हो. पण सॉफ्टवेअर काही आपल्याकडचं नव्हतं.

रेणुका पोरगी प्रामाणिक. तिनं लिहिलं होतं तेच वाचलं. "मालकाला हाव आहे."

ओसरीवरचे सगळे व्यंकटरावांकडे बघतायत. व्यंकटराव कागदाकडे बघतायत. रेणुकाला वाटलं, आता कागद फाडतात आणि आपल्याला हाकलतात. तेवढ्यात दारातून मालकीणबाई पुढं आल्या. अगदी गंभीरपणे त्यांनी विचारलं,

"त्या मशिनीला कसं कळलं वं?"

*

शेवटचा मी माधवला विचारल्याशिवाय कुणाला सांगत नाही. यावेळीही विचारलंय.

माधवचे वडील, आबा, गेल्या वर्षी गेले. त्यांच्याकडे लाल कंधारी वळू होता, आसपासच्या गावांत नावाजलेला. तीन वर्षांपूर्वी माधवनं वळूच्या नोंदीसाठी फोटो काढला तेव्हा आबा दोरी धरून शेजारी उभे होते. आबांना फोटोचं वावडं. त्यामुळे आधार कार्डावरचा सोडला तर तेवढा एकच फोटो होता.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा माधवला तो मोठा करून घ्यायचा होता. त्याचा फोन आला. "ताई, आबांचा फोटो दिसून न्हाई राहिला. मोबाइलमध्ये बी न्हाई."

मी नोंद उघडली. फोटो होता. पण नव्या व्हर्जननं तो वळूपुरता कापला होता. डाव्या कडेला दोरी धरलेली चार बोटं, बाकी सगळा वळू.

मूळ फाइल शोधायला आवकमध्ये गेले, तर जुनी एकही फाइल नाही! शेखभाईंच्या फोटोंसाठी मी तारखेची अट काढली तेव्हा सॉफ्टवेअरनं आतल्या जुन्या फायलीही पुन्हा उचलल्या होत्या. फोटो कापायचा, आणि नोंद झाली की मूळ फाइल काढून टाकायची, अशा दोन खुणा सेटिंगमध्ये आधीपासून लावलेल्या होत्या. मी न वाचता ओके म्हटलं होतं. फोल्डर सगळ्यांच्या मोबाइलला जोडलेला, त्यामुळे तिथूनही फायली गेल्या. इंटरनेटवरच्या कचऱ्यात ज्या काही दिवस राहतात त्याही मुदत संपून पुसल्या गेल्या होत्या. चार वर्षांचे मूळ फोटो!

मी माधवला खरं ते सांगितलं. "हे अपडेटनं नाही झालं, माधव. माझ्या हातून झालं."

त्यानं तिकडे नोंद उघडून बघितली. मग म्हणाला, "बोटं त्यांचीच हाईत पण."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी शेखभाईंनी विचारलं, "मॅडम, तो कपाटातला लॅपटॉप? बिजागरी तुटलेला?"

तो अपडेटच्या कितीतरी आधी बंद करून ठेवला होता. त्यावरही आवक जोडलेलं होतं! पण चालू केला आणि त्याला इंटरनेट सापडलं, तर इकडं काय काय काढून टाकलंय ते त्याला क्षणात कळणार आणि तोही तेच करणार.

मी माझा मोबाइल बंद केला. शेखभाईंनी त्यांचा केला, आणि राऊटरची वायर उपटून हातात धरली. "चालू करा. ही मी सोडत न्हाई."

लॅपटॉप सुरू व्हायला इतका वेळ लागला की मला वाटलं तोही गेला. मग स्क्रीन उजळली. आवक उघडलं. फायलीच फायली. मी पेनड्राइव्ह लावला आणि सगळं उतरवून घेतलं. मग दुसरा लावला आणि पुन्हा उतरवून घेतलं. शेखभाई तोवर तसेच उभे, वायर मुठीत.

"मिला क्या?"

"मिळाला."

"सोडू?"

"थांबा, अजून नको!"

दुसऱ्या दिवशी लातूरच्या गाडीनं निघाले ती मध्येच लोह्याला उतरले. माधव स्टँडवर आला होता. घरी गेलो तर त्याची आई अंगणात तूर पाखडत बसलेली. मी पाठवलेला फोटो उघडून माधवनं मोबाइल पुढं केला. त्यांनी पदराला हात पुसले, मोबाइल लांब धरला, मग जवळ आणला. फोटोत आबा पूर्ण होते. पांढरा सदरा, डोक्याला टॉवेल, कॅमेऱ्याकडे न बघता वळूकडे बघणारे.

मला वाटलं, आता रडतील. मी दुसरीकडे बघू लागले.

"बग," त्या माधवला म्हणाल्या. "वरचं बटण खालच्या काजात. त्या दिवशी बी म्हणले होते मी, नीट लावा म्हणून."

माधव वाकून बघायला लागला. खरंच तसं होतं. "आई, फोटोवाला नीट करून देतो ते. कॉम्प्युटरवर दोन मिनिटांचं काम हाय."

त्यांनी मोबाइल त्याला परत दिला नाही. मांडीवर ठेवला आणि सूप पुन्हा हातात घेतलं.

"राहू दे म्हणावं," त्या म्हणाल्या. "तसंच."